तळ्यावरचा डोंगर

रेवसच्या धक्क्याला लाँच लागली की मुंबईची मंडळी उतरतात, सामान सावरत रिक्षा गाठतात आणि किहीम, आवास, सासवण्याच्या किनाऱ्याकडे निघून जातात. वाटेत निदान डझनभर तळी लागतात. कुठे देवळापाशी, कुठे शाळेच्या मागे, कुठे भातशेताच्या कोपऱ्यात. कुणी थांबत नाही. समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला तळे दिसत नाही, याबद्दल त्याला काय बोल लावायचा? त्याच्या हातात तळ्यांचा नकाशा आम्हीच कधी दिलेला नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात आरेखक म्हणून गेली. लहान धरणे, पाझर तलाव, बंधारे यांचे नकाशे आधी ट्रेसिंग कापडावर शाईने काढले, शेवटची काही वर्षे संगणकावर. निवृत्त झालो आणि गावी परतलो. गाव रेवसपासून सायकलने वीस मिनिटांवर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खारेपाट. गेले तीन पावसाळे शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन आसपासच्या अकरा तळ्यांचे नकाशे काढतो आहे. नुसत्या तळ्यांचे नव्हे, त्यांच्या पाणलोटांचेही. तेच काम इथे सांगायचे आहे, कारण ते आता घाईने करायला हवे.

घाई कसली, ते आधी सांगतो. रेवस हे धरमतर खाडीच्या तोंडावरचे ठिकाण. आजवर इथे येणारा माणूस भाऊच्या धक्क्यावरची लाँच किंवा करंजाची तर गाठून, भरती-ओहोटीच्या हिशेबाने येत असे. मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि गाड्या थेट समुद्रावरून उतरू लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. रेवस-करंजा पुलाचे काम चालू आहे, रेवस-रेडी सागरी महामार्गाची आखणी याच पुलापासून सुरू होते. पूल झाला की मनात येईल तेव्हा माणूस गाडी काढून येईल. किनारे तर शनिवार-रविवारी आताच भरलेले असतात. पुढची गर्दी गोड्या पाण्याकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या पुतण्याचा होमस्टे आहे. तो एक दिवस म्हणाला, "काका, आपल्या देवळामागच्या तळ्यात दोन कायाक टाकूया. काठाला चार तंबू. पोरंबाळं खूश होतील." मी म्हटले, "टाक की. पण आधी मला सांग, हे तळं येतं कुठून?"

त्याला प्रश्न कळला नाही. तळे जिथे आहे तिथेच आहे, ते येणार कुठून?

आमच्या गावात या प्रश्नाचे उत्तर कागदावर कुठेच नव्हते. गावनकाशात तळ्याचा आकार आहे, सातबाऱ्यावर ते कुठे पोटखराब्यात आहे, कुठे सरकारी जागेत. त्यात पाणी कुठल्या बाजूने येते, किती येते, तळ कुठे खोल आहे, सांडवा कुठे, याची नोंद नाही. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली. देशभर २४ लाख २४ हजारांवर जलाशय, त्यांतले सुमारे ९७ हजार महाराष्ट्रात. मोठे काम झाले, त्याबद्दल आदरच आहे. पण गणनेत तळे म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपक्याच्या वरचा उतार त्यात येत नाही, आणि तळ्याचे सगळे बरेवाईट त्या उतारावर ठरते.

पाणलोट म्हणजे काय, हे मुलांना शिकवायला मला कनकेश्वराचा डोंगर पुरला. रेवस आणि अलिबागच्या मधला हा डोंगर साधारण बाराशे फुटांचा. मापगावातून दगडी पायऱ्या चढून वर गेले की देवळापाशी पुष्करणी आहे. तिथे मुलांना उभे केले आणि विचारले, इथे पडलेला पाऊस कुठे जाईल? एक मुलगी म्हणाली, खाली. बरोबर, पण कुठल्या खाली? डोंगराच्या पश्चिम अंगावर पडलेला थेंब किहीम-आवासच्या बाजूने उघड्या समुद्राला मिळतो. दोन हात पलीकडे, पूर्वेच्या अंगावर पडलेला थेंब खारेपाटात उतरून धरमतरच्या खाडीला जातो. ज्या रेषेवर ही फाटाफूट होते ती जलविभाजक रेषा. तळ्याच्या सांडव्यापासून निघायचे, डोंगराच्या धारेने अशा रेषेवरून फिरत फिरत परत सांडव्याशी यायचे. आत जी जमीन कोंडली गेली ती त्या तळ्याची. सातबारा कुणाच्याही नावावर असो.

डोंगराळ मुलुखात हे काम टेबलावर बसून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजार प्रमाणाची टोपोशीट घ्यायची, समोच्च रेषा पाहायच्या, पेन्सिलीने धार जोडत जायचे. आम्ही खात्यात त्यांना कंटूरच म्हणायचो. पण या नकाशांवर दोन कंटूरमध्ये वीस मीटरचे अंतर असते. पायथ्याच्या आणि खारेपाटाच्या जमिनीत वीस मीटरमध्ये सगळे गाव मावते. तिथे भाताचा हातभर उंचीचा बांध, बैलगाडीची जुनी वाट, रस्त्याखालची एखादी मोरी यांच्यावर पाण्याची दिशा ठरते. उपग्रहाच्या चित्रातही हे दिसत नाही, झाडी आड येते.

म्हणून आम्ही नकाशा पावसात काढला.

पहिल्या वर्षीचा तो दिवस लख्ख आठवतो. जूनचा तिसरा आठवडा, मिरगाचा पाऊस चांगला लागला होता. सात मुले, छत्र्या, दोन घोंगड्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गावनकाशाची झेरॉक्स. देवळामागच्या तळ्यावर आलो आणि काठाने चालत पाणी जिथे जिथे आत शिरत होते ती ठिकाणे मोजली. मला तीन वाटली होती, मुलांना पाच सापडली. मग एकेक वाट धरून उलटे वर चढायला लागलो. पहिली वाट शेताच्या खाचरांतून खाचरांत उतरत आलेली होती, पाणी जवळजवळ नितळ. दुसरी गावातल्या गटारातून. तिसरी डोंगरावरच्या ओहोळाची, आम्ही तिला पऱ्ह्या म्हणतो. चौथी वाट लाल होती. दाट लाल, गेरू कालवल्यासारखी.

त्या लाल पाण्यामागे आम्ही वीसेक मिनिटे चढलो. वर उतार कापून बंगल्यांसाठी प्लॉट पाडले होते. झाडे गेली होती, मुरूम उघडा पडला होता आणि पावसाची प्रत्येक सर त्यातला थर सोलून आमच्या तळ्यात आणून टाकत होती. एका मुलाने सागाचे पान तोडून त्या पाण्यात सोडले आणि त्याच्यामागे धावत सुटला. पान मोरीत शिरले, रस्त्याच्या पलीकडून बाहेर आले, बांधाला अडले, सुटले आणि शेवटी तळ्यात जाऊन गोल फिरत राहिले. तो मुलगा भिजून चिंब होऊन परत आला आणि म्हणाला, "आजोबा, तो डोंगर आपल्या तळ्यात येतोय." मी चाळीस-पन्नास तलावांचे आराखडे काढले असतील. पाणलोटाची याहून नेमकी व्याख्या मला कधी सुचली नव्हती.

संध्याकाळी ओल्या झेरॉक्सवर रेषा ओढली. तळे वीस गुंठ्यांचे. माझ्याकडे जुनी तेहतीस फुटी साखळी आहे, सोळा आण्यांची. तिने काठ मोजला. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब मुलांना पुस्तकाबाहेर प्रथमच भेटला. वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. त्याचा पाणलोट निघाला सहा हेक्टर, म्हणजे तळ्याच्या तीसपट.

आता थोडा हिशेब करू, कारण या हिशेबातच सगळे आहे. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर तो दोन कोटी लिटर होतो, सहा हेक्टरांवर बारा कोटी. त्यातले निम्मे जिरले, उडाले असे धरले तरी सहा कोटी लिटर तळ्याकडे येते. तळ्यात मावते किती? सरासरी अडीच मीटर खोली धरली तर पन्नास लाख लिटर. म्हणजे एका पावसाळ्यात हे तळे बारा वेळा भरून वाहू शकते. आत येणारे पाणी जुने पाणी सांडव्यावरून ढकलून देते. तळे स्वच्छ राहते ते याच धुण्यामुळे. कुणी साफ केले म्हणून नाही.

हाच हिशेब उलटा करून पाहा. येणाऱ्या वाटा बुजल्या, तर तळ्याला फक्त त्याच्या अंगावर पडणारा पाऊस उरतो. तो दोन मीटर. त्यातले मीटरभर दिवाळीनंतरच्या उन्हात उडून जाते, बाकीचे झिरपते. राहते ते न हललेले, न धुतलेले पाणी.

एका गावात नेमके हेच झालेले मी पाहिले. गावाचे नाव सांगत नाही, तशी गावे बरीच आहेत. तळ्याचे सुशोभीकरण झाले. चहूबाजूंनी दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, दिवे, बाक. काम भक्कम होते, दिसायलाही देखणे. पण ज्या कागदावरून ते काम झाले त्या कागदावर तळे काठापाशी संपत होते. भिंतीला पाणी आत घ्यायची एकही वाट ठेवलेली नव्हती. पहिल्याच पावसात पऱ्ह्याचे पाणी भिंतीला अडले आणि बाजूच्या घरांत शिरले. तिथल्या एक आजी ओटीवरचे पाणी खराट्याने लोटत होत्या. मला म्हणाल्या, "पान्याची वाट अरवली त पानी घरान येनारच." पुढच्या मार्चमध्ये त्याच तळ्यावर हिरवी साय धरली होती आणि बाकांवर कुणी बसत नव्हते, वासामुळे.

त्या बाकांवर झालेला खर्च पर्यटनासाठी होता.

खारेपाटातल्या तळ्यांची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त जिव्हाळ्याची. हाशिवरे, शहापूर, धेरंड, माणकुळे या भागात घराशेजारी तळे असते आणि तळ्यात जिताडा. जिताडा हा मूळचा खाडीचा मासा. अंडी खाऱ्या पाण्यात, पण वाढतो गोड्या पाण्यातही उत्तम. खाडीतून धरलेली पिल्ले तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षे सांभाळायची. पाहुणा आला, जावई आला, की तळ्यात जाळे पडते. या तळ्यांना डोंगराचा पाणलोट नाही. घराचे छप्पर, अंगण, चार-दोन खाचरे, एवढाच त्यांचा मुलूख. त्यांचा खरा रखवालदार म्हणजे खाडीलगतचा बांध आणि त्यातली उघाडी. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर जाते, भरती आली की झडप आपोआप मिटते. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली तर खारे पाणी शेतात, तळ्यात, सगळीकडे. त्या वर्षी भात गेले आणि पुढची काही वर्षे जमीन खारावलेली. म्हणून खारेपाटाच्या नकाशात मी पाणलोटाच्या रेषेऐवजी बांधाची रेषा आणि प्रत्येक उघाडी दाखवली. शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांनी आपल्या मत्स्यतळ्यांची सातबाऱ्यावर नोंद व्हावी म्हणून पाठपुरावा केला, त्यामागचे शहाणपण मला नकाशा काढताना पुरते कळले. जे कागदावर नाही ते नियोजनाच्या दिवशी भराव घालायची मोकळी जागा ठरते.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही तोकडा पडतो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. आमची बहुतेक तळी माणसांनीच खणलेली. कमळपक्षी तिथे अंडी घालतो, जांभळी पाणकोंबडी फिरते, थंडीत वारकरी पक्षी येतात. तरी नियमांच्या लेखी ती पाणथळ जागा ठरणे कठीण. मग राहते ती गावाची स्वतःची नोंद.

खोलीचेही तसेच. आम्ही दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या, टोकाला जुन्या तराजूचे वजन बांधले आणि लहान होडीतून, सुरक्षा जॅकेट घालून, तळ्यावर आडव्या-उभ्या ओळी धरून वजन सोडत गेलो. देवळामागच्या तळ्यात पायऱ्यांपासून जेमतेम तीन हातांवर तळ एकदम साडेचार मीटरला जातो. पायऱ्यांवर उभे राहिलेल्याला वाटते, पुढेही पायरीच असेल. गावातल्या माणसाला हे माहीत आहे, कारण त्याचे वडील त्याला सांगून गेले. बाहेरच्याला कोण सांगणार? दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात धबधब्यांवर, डोहांत, तलावांत तरुण पोरे बुडतात. बातमीत नेहमी एकच वाक्य असते, पाण्याचा अंदाज आला नाही.

स्कॉटलंडमध्ये जॉन मरे या शास्त्रज्ञाने १८९७ ते १९०९ या काळात ५६२ तळ्यांची खोली मोजली. मोरार नावाचे एक तळे ३१० मीटर खोल निघाले. सुरुवातीला त्याच्या बरोबरीने काम करणारा, खोली मोजायचे यंत्र बनवणारा फ्रेडरिक पुलर नावाचा तरुण होता. १९०१ च्या फेब्रुवारीत एका गोठलेल्या तळ्यावर लोक बर्फावर घसरायला जमले असताना बर्फ फुटला. पुलर लोकांना वाचवायला पाण्यात उतरला आणि त्यातच गेला. त्याच्या वडिलांनी, लॉरेन्स पुलर यांनी, मुलाचे काम थांबू दिले नाही. पैसा पुरवला, मोजणी पुरी करवली. १९१० मध्ये सहा खंडांत ते सगळे नकाशे छापून निघाले. मुलांना ही गोष्ट सांगितली त्या दिवसापासून गाठींची दोरी कुणी खेळात घेतली नाही.

एकदा नकाशे झाले की कुठे काय करावे, हे ठरवणे सोपे जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने, जिथे हजारो तळी आहेत, १९६९ च्या कायद्यानंतर तळ्यांची वर्गवारी केली. काही निसर्गासाठी, काही करमणुकीसाठी, काही वस्तीसाठी. सार्वजनिक सांडपाणी योजना नसेल तिथे घर पाण्यापासून अनुक्रमे १५०, १०० आणि ७५ फूट दूर हवे. माणूस तळ्यावर जायला बंदी नाही. फक्त कुठल्या तळ्यावर कशासाठी, हे आधी ठरलेले.

इतक्या दूर जायचे नसेल तर आपल्याच जिल्ह्यातले माथेरान पाहा. तिथला शार्लट तलाव गावाला पाणी देतो आणि हजारो माणसे त्याच्या काठी येऊन बसतात. भोवती रान उभे आहे, २००३ पासून माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, म्हणून हे चालते. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवला. तिथे नौकाविहारही आहे आणि त्याच पाण्यावर महाबळेश्वर-पाचगणीची तहानही. एकाच तलावावर दोन्ही भार टाकायचे तर वरचा उतार डोळ्यांत तेल घालून जपावा लागतो. आणि उतार जपला नाही तर काय होते, हे पाहायला अलिबाग तालुक्यातच उमटे धरण आहे. त्यातल्या गाळाविषयी आम्ही वर्षानुवर्षे बोलतो आहोत, लोकांनी स्वतः पुढे होऊन तो उपसलाही. खाली गाळ काढत राहायचे आणि वर डोंगर कापत राहायचे, याला शेवट नाही.

आमच्या अकरा तळ्यांपैकी चार वापराच्या पाण्याची आहेत. तिथे पाहुण्याने काठावर बसावे, पाण्यात उतरू नये. तीन जिताड्याची, घरमालकाच्या मर्जीची. तिथे जेवण मिळेल, गोष्टी ऐकायला मिळतील. दोन देवळांची, त्यांचे नियम देवळाचे. होड्या सोडाव्यात अशी दोनच निघाली, दोन्ही उथळ, रुंद, आणि वर अजून झाडी शाबूत असलेली. पुतण्याचे देवळामागचे तळे त्यांत नाही. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका संध्याकाळी खोलीचा नकाशा घेऊन स्वतःच पायऱ्यांवर जाऊन बसला. आता त्याच्या दोन कायाक शाळेपलीकडच्या तळ्यात आहेत, तिथे पाणी कंबरेच्या वर नाही. देवळामागच्या पायऱ्यांवर त्याने स्वखर्चाने पाटी लावली: पुढे पाणी साडेचार मीटर.

लाल पाण्याच्या वाटेवर आम्ही गेल्या वर्षी दगडांचे चार लहान बांध घातले. प्लॉटच्या मालकांपैकी दोघे स्वतः आले होते.

अकरा नकाशांचा एक संच शाळेत ठेवला आहे, मागेल त्याला प्रत देतो. पण त्याहून बरे म्हणजे प्रत्येक गावाने आपला स्वतः काढावा. खर्च गावनकाशाच्या झेरॉक्सचा आणि एका दोरीचा. सरपंचांना आणि ग्रामसभेला माझी विनंती एवढीच, की तळ्याच्या कामाचा कुठलाही ठराव पुढे आला तर त्याला पाणलोटाचा नकाशा जोडलेला आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ठराव पुढच्या सभेवर ढकला आणि येत्या जूनमध्ये चांगला पाऊस लागला की पोरांना घेऊन तळ्यावर जा.

जाताना छत्री न्या, आणि सागाची चार पाने.